राठोड सरांचा आवाज

आमच्या घाटंजीच्या शाळेचे किस्से घरात भरून ठेवलेल्या कापसासारखे. भाव नाही म्हणून पडून राहतात आणि मग अंगाला खाज सुटते. माझी खाज म्हणजे राठोड सर!

लॉकडाउनमध्ये नववी अ त्यांच्याकडे, ब माझ्याकडे. दोघांचाही विषय गणित. हेडसर म्हणाले, "ज्याची नववी चांगली निघंन, त्याले पुढच्या साली दहावी!" इतकी वर्षं दहावी माझी होती.

*

ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये सांगितलं, कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी करून. प्रत्येकाची पद्धत ओळखा. मी लगेच वर्गात एकाला विचारलं, "बाळा, तू कसा शिकतो?"

"झाडावर चढून, सर. खाली रेंज नाही!"

*

मी ठरवलं, माझी पोरं पाहून शिकणार. रिंगलाइट आणला, इस्त्रीचा शर्ट घातला, रंगीत खडूंनी त्रिकोण काढून व्हिडिओ पाठवला.

एकाचा फोन आला. "सर, तुमच्या व्हिडिओनं माह्या बाबाचा सारा डेटा संपला. ते तुमाले शोधून राह्यले!"

*

राठोडांनी काय केलं? काहीच नाही! सकाळी थोडी गोरबोली, म्हणजे बंजारा तांड्यावरची बोली, मिसळून बोलायचे नि ऑडिओ पाठवायचे. कापूस वेचणाऱ्या बाया मोबाइल ओटीत टाकायच्या, पोरं बाजूला वेचत ऐकायची. सारं वावर वर्गात! तांड्यावरून शंका यायच्या, त्याही आयांच्या.

मी जळून खाक. तोंडानं म्हणालो, "वा सर, छान आयडिया!"

"तुमी बी करा ना, भाऊ!"

त्या 'भाऊ'नं तर आणखीच जळलो.

*

केला मीही ऑडिओ, अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत. दुसऱ्या दिवशी एका पोरीला विचारलं, "ऐकला का?"

"लावला होता सर. माय म्हणे, बंद कर, बातम्या लागल्या!"

*

निदान माझी मुलगी तरी माझ्याच तुकडीत होती. पलीकडच्या खोलीत, कानात इअरफोन घालून क्लासला बसायची. मी विचारावं आणि तिनं बरोबर सांगावं. स्टाफच्या ग्रुपवर मी लिहिलंसुद्धा, "ब तुकडीत हिरे आहेत."

एकदा क्लास संपल्यावरही ती इअरफोन घालून बसलेली. उठताना वायर निसटली आणि घरभर राठोडांचा आवाज! काही वेळ मीही ऐकतच राहिलो. मग भानावर येऊन ओरडलो, "बंद कर आधी ते!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "काहून बंद केलं? टक्केवारी आता कुठं समजून राह्यली होती मले!"