डावीकडची वाटी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मोटारींचे मिस्त्री. मी त्यांना दाजी म्हणतो, बाजारातले बाकी सगळे 'डबल मिस्त्री' म्हणतात. कारण प्रत्येक नट ते दोनदा आवळतात. एकदा आवळून झाला की पाना खाली ठेवतील, हात पुसतील, आणि पुन्हा पाना उचलून तोच नट तपासतील. गिऱ्हाईक बाहेर कितीही ताटकळत असो. माझं लेथचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे आणि मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं मला दिवसभर फुकटात ऐकायला मिळायचं. "अहो दाजी, तो नट काय पळून जाणार आहे का?" मी पत्र्याआडून ओरडायचो. "पळाला तर तुझ्याच दुकानात घुसेल," असं उत्तर यायचं. आम्ही दोघं आणि माझा भाचा खदाखदा हसायचो. भाचा गेला तेव्हापासून हा सगळा प्रकार बंद पडला. आता ताईही नाही, म्हणून पुढचं सांगायला हरकत नाही.

भाच्याची एक जुनी गाडी होती. गोल पाठीची, माझ्याही आधी जन्मलेली. दाजींनी ती भंगारातून आणली आणि बापलेकांनी मिळून ती रस्त्यावर आणली. एका सकाळी भाचा तीच गाडी घेऊन कामाला निघाला आणि खाणीजवळच्या वळणावर गाडी वळलीच नाही. कठडा तोडून सरळ खाली. रस्त्यावर टायर घासल्याची खूणसुद्धा नव्हती. पंचनाम्याला आलेल्यांनी 'ब्रेक निकामी' असं लिहिलं आणि ते मोकळे झाले. आणि आदल्याच संध्याकाळी त्या गाडीचे मागचे ब्रेक दाजींनी केले होते.

चाकाच्या आत ब्रेकचा एक छोटा सिलिंडर असतो. त्यात रबराची वाटी बसते, अंगठ्याच्या नखाएवढी. वाटीचं तोंड तेलाकडे हवं. उलटी बसली तर तेल गळत राहतं, आणि असल्या जुन्या गाडीत एका चाकाचं तेल गेलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. उजवीकडचं चाक दाजींना लख्ख आठवत होतं. डावीकडची वाटी हातात असताना कुणीतरी दारातून हाक मारली. ते उठून गेले, परत आले, ब्रेकवर झाकणासारखा बसणारा ड्रम चढवला. मधलं काही आठवत नव्हतं. दोनदा तपासायचं राहिलं, एवढं मात्र पक्कं आठवत होतं.

हे त्यांनी पोटात ठेवावं की नाही? पण हा शहाणा माणूस सगळं स्वतःच्या तोंडाने ताईला सांगून बसला. मग काय, सगळं खापर त्यांच्या डोक्यावर. ताईच्या जिभेला आधीच हाड नव्हतं. "दुनियेचे नट दोनदा आवळता, पोराच्या गाडीचे एकदा," असं ती जेवता जेवता म्हणायची, आणि दाजी घास तसाच हातात धरून बसायचे. मला दोघांचाही राग यायचा. तिचा, कारण ती बोलायची. त्यांचा, कारण ते ऐकून घ्यायचे.

गाडीचा सांगाडा त्यांनी गॅरेजच्या कोपऱ्यात आणून ठेवला. पुढचे ब्रेक त्यांनी पहिल्या महिन्यातच खोलले. पाइप, सिलिंडर, पेडलखालचा मोठा सिलिंडर, सगळं ठाकठीक निघालं. राहिली फक्त मागची बाजू. तिला त्यांनी हात लावला नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. "दाजी, एकदा खोला आणि सोक्षमोक्ष लावा," मी कितीदा म्हणालो असेन. "बघू," एवढंच. वर्षं गेली. मधल्या काळात पत्रा ठोकून सरळ झाला, इंजिन सुरू झालं, रंगसुद्धा लागला. मागची बाजू तशीच.

शेवटी ताईनेच निकाल लावला. "ती गाडी तिथून हलवा, नाहीतर मी माहेरी जाते." माहेर म्हणजे माझं दोन खोल्यांचं घर. माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच दिवशी गिऱ्हाईक शोधलं. जुन्या गाड्या बाळगणारे एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना गाडी आवडली, पण खाली पडताना मागची दोन्ही चाकं जोडणारा अ‍ॅक्सल वाकला होता, आणि मूळचे ब्रेकही लहान. त्याच कंपनीच्या नंतरच्या मोठ्या गाडीचा अ‍ॅक्सल बसवा, रुंद ड्रमवाला, मगच नेतो, असं ते म्हणाले. म्हणजे जुना अ‍ॅक्सल काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्याच्या दोन्ही टोकांना तेच मागचे ब्रेक होते.

ताईने एवढंच विचारलं, "आता तो ब्रेक खोलणार ना?" दाजींनी मान हलवली. "मग काय निघालं ते मला येऊन सांगायचं. खरं काय ते."

आम्ही गाडी मागून उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. तो आवळून धरणारे यू-बोल्ट इतके गंजले होते की दोन तर कापावेच लागले. इंजिनाकडून चाकं फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडला, ब्रेकचा पाइप सोडला, हातब्रेकची तार काढली, आणि स्प्रिंगच्या पाट्यांवरून अ‍ॅक्सल ओढून बाहेर घेतला. मला वाटलं, आता खोलतील. छे! त्यांनी तो भिंतीशी सरकवला आणि त्यावर पोतं टाकलं.

आधी नवा बसवायचा, म्हणाले. नव्याच्या पाट्यांच्या बैठका वेगळ्या जागी होत्या. त्या मी कापून दिल्या, दाजींनी कोन मोजून नव्याने जोडल्या. शाफ्ट जरा लांब पडत होता, तो मी लेथवर घेऊन आखूड केला. ड्रम तासले, पाइप नवा वाकवला. इतकं सुंदर काम मी त्यांच्या हातून कधी बघितलं नव्हतं आणि इतकं सावकाशही. शेवटी मी सीटवर बसलो, ते गाडीखाली गेले आणि ब्रेकमधली हवा काढायला सुरुवात झाली. "दाब. धर. सोड." पेडल माझ्या पायाखाली दगडासारखं घट्ट झालं. सगळं संपलं. पुढे ढकलायला आता काहीच उरलं नव्हतं.

दाजींनी पोतं बाजूला केलं. डावीकडचा ड्रम जाम झाला होता. लाकडी हातोडीने गोल फिरवत ठोकला, तेव्हा कुठे निघाला. आत ड्रमला घासणारे ब्रेकचे शू जाडजूड, नवे कोरे. त्यांवर तेलाचा डाग नाही. दाजींनी सिलिंडरवरचं रबर काढलं, पिस्टन ओढला आणि मग बारीक चिमट्याने वाटी.

वाटी सुलट होती.

"दाजी!" मी पत्र्यावर अशी थाप मारली की वरची धूळ खाली पडली. "अहो सुलट आहे! बघा ना! इतकी वर्षं फुकट जीव जाळलात!" मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. चला, आत्ताच्या आत्ता ताईला सांगू, म्हणून मी त्यांचा दंडसुद्धा धरला.

ते उठले नाहीत. उजवीकडचा ड्रम काढला. तिथली वाटीही सुलट. मग पुन्हा डावीकडची हातात घेतली आणि उजेडात धरली.

"रस्त्यावर खूण नव्हती," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. पडला तेव्हा वाटलं, पडला नसता तर बरं झालं असतं. ब्रेक चांगला होता. टायरची खूण नव्हती. म्हणजे पोराने पेडलवर पायच ठेवला नव्हता.

"डुलकी लागली असेल," मी म्हणालो.

"सकाळी? आंघोळ करून निघालेल्या माणसाला?"

"फोन बघत असेल. आजकालची मुलं..."

"फोन घरी ठेवून गेला होता. उशीवर."

हे मला माहीत नव्हतं. मग मलाही एकेक आठवायला लागलं. त्या महिन्यात तो संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन त्याच गाडीत बसून राहायचा, इंजिन बंद, काचा वर. मी काच ठोकून म्हणायचो, "काय रे, अंडी उबवतोस का?" तो हसायचा. हसायचा म्हणून मी निर्धास्त.

"मी वाटीचाच विचार करत बसलो," दाजी म्हणाले. "इतकी वर्षं. पोराला काय होत होतं, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही." वाटी बोटांत फिरवत म्हणाले, "माझी चूक असती तर परवडलं असतं रे."

मी उगाच पोत्याची घडी घातली.

मग त्यांनी वाटी पुसली, सिलिंडरमध्ये ठेवली आणि आत दाबली. उलटी. शू काढून त्यांवर, ड्रमच्या आत, डब्यातलं जुनं काळं तेल बोटाने फासलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम चुकीचं काम केलं, आणि तेही दोनदा तपासलं. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, म्हणजे हो म्हणालो.

घरी जायची गरज पडली नाही. ताईच आली. भाचा गेल्यापासून तिने गॅरेजच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. "दाखवा," म्हणाली. मिस्त्रीची बायको, तिला वाटीचं तोंड कुठे असतं ते आमच्याइतकंच ठाऊक. दाजींनी तिच्यासमोर पिस्टन ओढला.

ती वाकून बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "तू होतास ना इथे? अशीच निघाली?"

"अशीच निघाली, ताई."

आता ही दाजींना फाडून खाणार, या भीतीने मी मध्ये उभा राहायच्या तयारीत होतो. पण ती रिकाम्या खोक्यावर बसली. वाटी तिने स्वतःच चिमट्याने बाहेर काढली, तळहातावर घेतली, आणि तिचा आवाज मला कित्येक वर्षांत पहिल्यांदा मऊ लागला.

"म्हणजे त्याने दाबला असणार ना हो ब्रेक? खूप दाबला असणार."

"हो," दाजी म्हणाले. "अगदी शेवटपर्यंत दाबला असणार."