माहेरची ज्वारी

गरम भाकरीचा वास आला की मला रहिमतपूरचा मामा आठवतो. सुगी झाली की तो आईला माहेरची म्हणून ज्वारीचं पोतं देतो. एका वर्षी ते आणायला मी गेलो होतो. मामी दळणासाठी एक पोतं सोडत होती. मी उंबऱ्यात उभा आहे हे मामाला दिसलं नव्हतं. तो म्हणाला, "आगं, ती नगं. वढ्याकडची ताईला द्यायची हाय. आपल्याला हिरीवरची घे." ओढ्यात बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याचं पाणी येतं, तिथल्या दाण्यात शिसं निघालंय, हे सकाळी त्यानंच मला सांगितलं होतं. मी पोतं घेतलं आणि वाटेत खड्ड्यात ओतलं. आता दरवर्षी त्याच्या पोत्यात बाजारची ज्वारी भरून नेतो, आणि आई पहिली भाकरी मोडताना भावाला आयुष्य मागते.