दोरीला हात आणि सुमतीकाकीचा वाटा

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो.

आमच्या रापणीचे म्होरके, तांडेल बापू म्हणजे लहानपणापासून माझा देव. किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून रापणीचं मोठं जाळं ओढताना ते म्हणायचे, "जेचो हात दोरीक, तेका वाटो." वाटसरूने दोरी ओढली तरी त्याला मासे मिळायचे.

आज पर्यटक आले. दोरी धरून त्यांनी व्हिडिओ काढले. बापूंनी हसत त्यांना सुरमई दिली.

सुमतीकाकी सुरुवातीपासून ओढत होती. तिचा नवरा याच रापणीत होता. तो वारल्यापासून त्याच्या जागी ती येते. तिने टोपली पुढे केली.

"आज मासळी कमी गावली गो. उद्या ये," बापू म्हणाले.

"माझो फोटो काढूक कोण नाय, म्हणान रे बापू?"

सगळे हसले. बापूही हसले. टोपली रिकामीच राहिली.

मी माझे बांगडे तिच्या टोपलीत ओतायला गेलो. तिने माझा हात धरला.

"तुझे नको रे झिला. माका माझो वाटो होयो."

आता बापू पर्यटकांना सुरमई देतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. खाली लोक लिहितात, 'देवमाणूस'. कालपर्यंत मीही तेच लिहिलं असतं.

उद्या पहाटे बापू हाक मारतील. तुम्हीच सांगा, कोणत्या मनाने दोरी धरू?