उम्म फहदची परात

सई आणि निमिष,

अरबी शिकण्यासाठी मी ज्या वस्तूचा सगळ्यात जास्त वापर केला ती वस्तू म्हणजे रवा. शब्दकोशाचा नंबर दुसरा, आणि तोही बराच मागे.

हे आत्ताच लिहायला बसले त्याचं कारण सई, तुझा परवाचा फोन. उन्हाळ्यापुरती स्पॅनिश शिकायला गेलीस, चार मुलींत एक घर, एक फ्रिज. आणि आठवडाही झाला नाही तोवर कुणीतरी तुझं दही खाल्लं म्हणून रडकुंडीला आलीस. वर म्हणालीस, "आजी, असल्या घरात राहणं काय असतं ते तुला नाही कळायचं!" (निमिष, तू त्याच फोनवर हसत होतास. तेही ऐकू आलं.)

मला नाही कळायचं? ऐका तर मग.

तुमचा बाबा दहावीत गेला त्या वर्षी आम्ही रियाधला होतो. सौदीकरणाचे दिवस होते. म्हणजे परदेशी माणसाच्या खुर्चीवर हळूहळू सौदी माणूस बसवायचा. तुमचे आजोबा शहराच्या ओलाया भागातल्या एका कंपनीत अकाउंटंट होते आणि रोज सकाळी टाय लावून एका सौदी तरुणाला आपलंच काम शिकवायला जात. एकदा घरी आले ते चेहरा पाडूनच.

"काय झालं?"

"पोरगा हुशार आहे गं."

"मग चांगलंय की!"

"फारच हुशार आहे."

पुढच्याच महिन्यात कंपनीने राहतं घर काढून घेतलं. नोकरी ठेवली, पण किती दिवस ते कुणी सांगेना. बाबाची दहावी अर्ध्यात मोडून परतायचं नसेल तर मलाही नोकरी धरणं भाग होतं. मुलींच्या एका शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती. मी इंग्रजीची एम.ए., हस्ताक्षर मोत्यासारखं, वेळेची पक्की. मुदीराबाईंना, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकांना, सगळं पसंत पडलं. अट एकच: मुलींच्या आयांशी बोलता येईल इतपत अरबी सुट्टी संपायच्या आत यायला हवं.

राहायला गेलो एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. बरोबर दापोलीकडचे रफीकभाई आणि मेहरूनभाभी. रफीकभाई एसी दुरुस्त करायचे. (त्यामुळे सबंध रियाध गार असायचं आणि आमचा एसी पोट उघडून जमिनीवर पडलेला.) दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, स्वयंपाकघर आणि फ्रिज सामाईक. मी शाकाहारी, भाभींना मासळीशिवाय घास उतरत नसे. तेव्हा पहिल्याच दिवशी मी फ्रिजमध्ये प्रत्येक कप्प्याच्या मधोमध लाल चिकटपट्टी लावली. डावीकडे आम्ही, उजवीकडे ते.

"भाभी, तुमचं कोलंबीचं पातेलं दोन बोटं इकडे आलंय."

"मग आत भिंतच बांधा ना, ताई. गवंडी सांगू काय? आमच्या गावचे चार हायत कॅम्पात."

मी हसले नाही. मला वाटलं, शिस्तीच्या बाबतीत हसू नये.

घरमालक शेजारच्याच बंगल्यात राहत. त्यांची आई उम्म फहद, म्हणजे फहदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. दोन्ही बंगल्यांच्या मधल्या भिंतीत बायकांसाठी एक लहानसं दार होतं. रफीकभाई म्हणाले, "त्या बाई दिवसभर घरात एकट्या. त्यांना ऐकणारं माणूस हवंय, तुम्हाला बोलणारं. जा की."

गेले. पण मोकळ्या हाताने कसं जायचं? स्टीलच्या डब्यातून साजूक तुपातला शिरा नेला. उम्म फहद आडव्या अंगाची, खणखणीत आवाजाची, साठीची बाई. एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि माझा हात धरून तासभर बोलल्या. मला एक शब्द कळला नाही, पण शिकवणी ठरली एवढं नक्की कळलं.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आत गच्च खजूर. डबा ज्या ताटलीत ठेवला होता ती ताटली त्यांची.

आता तुम्हीच सांगा, ताटली रिकामी कशी परत करायची? आपल्या घरात पाच पिढ्यांत कुणी शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवलेलं नाही. मी ताटलीत चकल्या घातल्या. उम्म फहदनी चकल्यांच्या बदल्यात एक खोल वाडगं भरून गव्हाची खीर पाठवली. वाडगं त्यांचं. मी वाडग्यात लाडू घातले. लाडवांच्या बदल्यात पातेलं आलं!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बाई माझ्याच जातीची आहे. तिच्याही घरी रिकामं भांडं परत जात नाही. आणि तिच्याकडची भांडी माझ्याकडच्यांपेक्षा मोठी होती.

"अगं, थांबव की आता," आजोबा म्हणाले.

"कसं थांबवू? त्यांचं पातेलं आपल्याकडे आहे."

"धुऊन पुसून देऊन टाक."

"रिकामं?"

"रिकामं!"

तुमच्या आजोबांकडे मी असं पाहिलं की ते वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

बरं, शिकवणी भांड्यांवरच चालली होती. भांडं न्यायचं, की तास सुरू. उम्म फहद भांड्याकडे बघून कपाळाला हात लावत: "वल्ला, मा यिसीर!" म्हणजे, देवाशपथ, असं चालायचं नाही! मीही शिकले. दुसऱ्या दिवशी त्यांचं भांडं आलं की मीच आधी छातीवर हात ठेवून ओरडायची, "वल्ला, मा यिसीर!" त्या खूश. अरबीची प्रगती जोरात होती. फक्त ती सगळी एकाच दिशेला चालली होती.

इकडे फ्रिजची परिस्थिती हाताबाहेर गेली. डावी बाजू भरली. मग एके दिवशी मी डोळा चुकवून एक पातेलं उजवीकडे सरकवलं.

"ताई," भाभी फ्रिजचं दार धरून गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा देश इकडं वाढला की हो!"

"आजच्या दिवस, भाभी."

"असूं दे. मी काय पट्टी लावनारी बाय नाय."

हा टोला मी गिळला. त्याबरोबर खजूरही गिळत होते. नाश्त्याला खजूर, मधल्या वेळी खजूर. तुमचा बाबा खेळून आला की आधी दारातूनच विचारायचा, "खजूर सोडून काय आहे?"

भाभींकडे मी सल्ला मागितला. "आमच्यात पन रिकामं भांडं नाय देत," त्या म्हणाल्या आणि मला मदत म्हणून पातेल्यात आपली सांदणं रचली, तांदळाची, नारळाच्या रसातली, पांढरी शुभ्र. उम्म फहदना ती इतकी आवडली की आता दोन भांडी यायला लागली. एक माझं, एक भाभींचं!

त्या भांड्यांतून मांसाचे पदार्थही येत, ते रफीकभाई गाडीत घालून कामगारांच्या कॅम्पातल्या कोकणी मुलांकडे पोचवत. तिथे सुतार, वेल्डर, प्लंबर, सगळे सडेफटिंग, डाळभातावर दिवस काढणारे. त्यांना माझ्या शिक्षणात अचानक रस निर्माण झाला. "वहिनींचं अरबी कुठपर्यंत आलं?" म्हणून निरोप येऊ लागले. एकाने तर कळवलं, घाई करू नका, भाषा नीट शिका!

शेवटी मी ठरवलं, आज काय वाट्टेल ते होवो, पातेलं रिकामं द्यायचं. घासलं, पुसलं, घेऊन भिंतीतल्या दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. पण हात पुढे जाईना! मागे फिरले, गुळाचा एवढासा खडा पातेल्याच्या तळाशी ठेवला आणि देऊन आले. रिकामंही नाही, भरलेलंही नाही. माझ्या मते हा तह होता.

कोल्हापुरी गूळ उम्म फहदनी जन्मात चाखला नव्हता. शुक्रवारी दारात दोन माणसं लागली एक परात आत आणायला. बैलगाडीच्या चाकाएवढी परात, तीत भाताचा डोंगर, आणि डोंगरावर अख्खं मेंढरू. डोक्यासकट. ते माझ्याकडे बघत होतं.

मेंढराची सोय कॅम्पाने लावली. (त्या दिवशी तिथून निरोप नाही, नुसता टाळ्यांचा आवाज आला, असं रफीकभाई सांगत होते.) परात मात्र आमच्याकडे राहिली. फ्रिजमध्ये जाईना, पलंगाखाली जाईना. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. रविवारी सकाळी भिंतीपलीकडून उम्म फहदची हाक आली: आज संध्याकाळी घरात कार्य आहे, परात हवी. आणि मी "आलेच" म्हणते तोच फोन वाजला. शाळेतून. मुदीराबाई स्वतः असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर मला भेटायला घरी येतायत!

नोकरीचा निकाल त्याच दिवशी, आणि परातही त्याच दिवशी!

"भाभी, ही परात कशाने भरते?"

भाभींनी परातीला एक फेरी मारली. "रव्यानं," त्या म्हणाल्या. "नायतर सिमेंटनं."

आजोबांना सुट्टी घ्यायला लावली. दुकानात होता नव्हता तेवढा रवा ते घेऊन आले. भाभी भाजत होत्या, मी साखरेचं पाणी उकळत होते, आजोबा बनियनवर कढईत झारा फिरवत होते. उन्हाळा रियाधचा, एसी जमिनीवर. मी मात्र तोंडाने मुदीराबाईंसाठी पाठ केलेलं भाषण म्हणत होते: माझं नाव अमुक, माझं शिक्षण तमुक, मला मुलांची आवड आहे.

बैठकीत मांडलेली परात अर्धी भरली आणि बेल वाजली.

"अहो, पळा!"

परक्या बायकांसमोर पुरुषाने यायचं नाही हा तिथला रिवाज. पण स्वयंपाकघरातून आमच्या खोलीत जायचं तर बैठकीतून जावं लागे. आजोबा तसेच बनियनवर, हातात झारा, मागच्या गॅलरीत गॅसच्या सिलिंडरशेजारी जाऊन उभे राहिले. मी आतून कडी घातली.

मुदीराबाई बसतात न बसतात तोच भिंतीतल्या दाराने उम्म फहदही वर आल्या. परात दिसली. शिरा दिसला. कपाळाला हात गेला.

"वल्ला, मा यिसीर!"

"वल्ला, मा यिसीर!" मी सवयीने ओरडले.

आणि जुंपली. त्या म्हणाल्या, निम्मा तुम्ही ठेवा. मी म्हटलं, एक चमचाही ठेवणार नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलाने काय खायचं? मी म्हटलं, माझा मुलगा पोटभर जेवला, तुमच्या पाहुण्यांनी खायचं. त्या परात माझ्याकडे ढकलत होत्या, मी त्यांच्याकडे. मध्ये भाभी दोघींना आवरायला गेल्या आणि कोपरापर्यंत शिऱ्यात बुडाल्या. गॅलरीच्या दारावर बाहेरून थाप पडली. "अगं, ऊन लागतंय!" "गप्प बसा!" मी मराठीत ओरडले आणि तोच सूर धरून अरबीत पुढे चालू केलं. पाठ केलेलं भाषण? त्यातला एक शब्द आठवला असेल तर शपथ.

अखेर उम्म फहद हरल्या आणि परात शिऱ्यासकट गेली. मी पदराने घाम पुसत वळले. मुदीराबाई कोचावर स्वस्थ बसल्या होत्या. त्यांनी उत्तम इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

"इंग्रजीची जागा गेली," त्या म्हणाल्या. "वरून हुकूम आला, सौदी मुलगीच घ्यायची. ती कालच रुजू झाली. मी तेच सांगायला आले होते. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं."

डोळ्यांपुढे बाबाची दहावीची पुस्तकं आली.

"पण," बाई म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत आमच्या मुली जेवत नाहीत. आया रोज भांडायला येतात. मला अशी बाई हवीय जी मुलींना खायला लावेल आणि आयांपुढे माघार घेणार नाही. आत्ता जे पाहिलं ते तुम्हाला रोज करता येईल का?"

"मिस्टरांना विचारून सांगते," असं म्हणायची पद्धत असते म्हणून म्हणाले. मग आठवलं की आजोबा गॅलरीत आहेत. बाई गेल्यावर कडी काढली. टोमॅटोसारखे लाल झालेले आजोबा झाऱ्याला लागलेला शिरा खात होते. "मिळाली का नोकरी?" त्यांनी विचारलं.

मिळाली. बाबाची दहावी रियाधलाच झाली. इंग्रजीच्या वर्गात मी एकदाही पाऊल टाकलं नाही, एम.ए.ची बाई तीन वर्षं जेवणाच्या खोलीत डब्यांवर देखरेख करत उभी होती. फ्रिजमधली पट्टी भाभींनी कधीतरी काढून टाकली आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

मला आजही अरबीत हवापाण्याचं बोलता येत नाही, रस्ता विचारता येत नाही, बातम्या कळत नाहीत. खा, अजून घे, संपव, हात धू: एवढं अरबी मात्र शाबूत आहे. तुमच्या आजोबांचं म्हणणं असं की, मराठीतही मी याहून वेगळं काही बोलत नाही.