भट्टीपलीकडचा बेहडा

एकतीस वर्षं कृष्णनाथ कोरगावात विजेचे मीटर वाचत फिरला, पण "ये, बस" असं त्याला फारसं कुणी म्हटलं नाही. पायरीवर त्याची चप्पल वाजली की आतून हाक यायची, "आयलो मीटरवालो!" आणि मागच्या दाराने कुणीतरी वायर ओढायला पळायचं. तोही काही कमी नव्हता. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी तो मीटरच्या चाकाकडे बघायचा. चाक थांबलेलं असेल तर ते कुणीतरी थांबवलंय, असं धरूनच तो आत शिरायचा.

निवृत्त झाल्यावर त्याने कॅमेरा घेतला आणि त्याबरोबर तीनशे मिलिमीटरची जुनी लेन्स. यंदा म्हापशाच्या एका फोटोवाल्याकडून त्याने डबलर आणला. डबलर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचं चार बोटं रुंदीचं कडं. त्याने तीनशेची लेन्स सहाशेची होते, पण उजेड चौथाईवर येतो.

"लोक इचारतत," त्याची बायको सुविधा म्हणाली. "तीन पायांचा स्टँड घेवन सड्यार कित्याक उबे रवतत म्हणान."

"पक्षी बघतो म्हणून सांग."

"सांगलंय. हासले. पेडण्यात तीन पायांचा स्टँड दिसलो की फाटोफाट मोजणी येता आणि मोजणीफाट प्लॉट. पक्षी खंय येता?"

पक्षी होता. व्हाळाच्या पाण्यापलीकडे, नुकत्याच विकल्या गेलेल्या उतारावर बेहड्याचं एक झाड होतं आणि त्याच्या ढोलीत धनेशाची मादी होती. ढोलीचं तोंड चिखल-विष्ठेने लिंपून ती आत बसली होती. राहिली होती फक्त एक फट. नर फळं आणून त्या फटीतून भरवायचा. नव्या मालकाने बेहडा तोडायचा परवाना मागितला होता. झाड पडलं असतं तर ती आतल्या आत, पिल्लांसकट खाली आली असती.

गुरुवारी कृष्णनाथ फोटो घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला. साहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"ही चोच आहे की फांदी?"

"चोच."

"कशावरून?"

"मी पाहिली."

"तुम्ही पाहिलीत. मला धूर दिसतोय. आम्ही माणूस पाठवला होता, त्याला नुसतं झाड दिसलं."

"माणूस जवळ गेला की नर येत नाही, साहेब. म्हणून तर लांबून काढतो."

"मग लांबून स्वच्छ काढा. सोमवारपर्यंत. मादी आत आहे हे दिसलं पाहिजे. नाहीतर परवाना अडवायला माझ्याकडे कारण नाही."

कृष्णनाथचा पहिला संशय डबलरवर गेला. फोटोवाला गोड बोलत होता, म्हणजे माल खोटा असणार. मग त्याने आपल्या धंद्यातली रीत वापरली. घरच्या पडवीतला मीटर समोर ठेवून तो शंभर पावलं लांब, शेताच्या बांधावर गेला. सकाळची गार वेळ होती. डबलर लावून फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. पाचही आकडे लख्ख. मीटरवर बसलेली मुंगीसुद्धा!

डबलर निर्दोष सुटला. मग चोर कोण?

शुक्रवारी सड्यावर, त्या कातळमाथ्यावर, त्याने कॅमेऱ्याचा पडदा दहापट मोठा केला आणि फोटो न काढता नुसता बघत राहिला. बेहड्याचं खोड पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. वारा तर नव्हता. त्याने नजर हटवली, खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्याच्या आणि बेहड्याच्या बरोबर मधे गावातल्या शेवंतीची काजूच्या दारूची भट्टी धडधडत होती. तिच्यावरची तापलेली हवा वर चढत होती आणि तो चार दिवस त्या नाचणाऱ्या हवेतून चोच शोधत होता.

जागा बदलावी तर एका बाजूला माड आडवे आणि दुसऱ्या बाजूला कडा. मोकळी वाट एवढीच, भट्टीवरून.

म्हणजे शेवंतीकडे जाणं आलं. जगात कुणाकडेही जावं, पण हिच्याकडे नाही. वीस वर्षांपूर्वी शेवंतीच्या पंपाला व्हाळापलीकडच्या खांबावरून चोरून वायर जोडली होती. ती पकडली कृष्णनाथने. "वायर माझी न्हय, वाऱ्यान हाडली," असं ती सगळ्या गावासमोर म्हणाली होती. तरी दोन दिवस वीज तोडली गेली आणि ते दोन दिवस नेमके तिच्या मुलीच्या लग्नाचे होते.

शेवंती भाणाखाली, भट्टीच्या हंड्याखाली, लाकडं सारत होती. तांब्याच्या भाणातून हुर्राकाची, काजूच्या पहिल्या दारूची, धार कळशीत पडत होती.

"वैनी," तो म्हणाला, "उद्या सकाळी आठपर्यंत भट्टी पेटवू नका."

सून संजना रस ओतता ओतता थांबली. शेवंती मात्र थांबली नाही.

"मोजणी जाली?"

"मोजणी नाही, वैनी. पक्ष्याचा फोटो."

"पक्षी तकडे, नळी हकडे. माझ्या भट्टीर रोखून बसलंस चार दीस. कोणाक दाखयतलंस? भट्टीच्या परवान्याचो कागद आसा माझ्याकडे."

"भट्टीची ऊब आड येते. चित्र हलतं."

"आता ऊबपण गुन्यागार?" ती उठली. "रस फसफसलेलो आसा. सकाळी पाचांक भाण चडयलं ना तर आंबट जातलो. तुझ्या पक्ष्याखातीर?"

"सोमवारी ते झाड तोडायचा कागद निघतोय. आत मादी बसलीय, दार लिंपून."

शेवंतीने व्हाळापलीकडच्या बेहड्याकडे पाहिलं. मग तिने लेन्सकडे बोट केलं.

"ह्या तुझ्या वस्तूक भय कसला?"

तिला काळजी वाटली, असं कृष्णनाथला वाटलं. "बुरशीचं. दमट हवेत काचेला धरली की संपलं."

"बरा. चल."

भट्टीखालच्या उताराच्या टोकाला राखणदाराचा, जागा राखणाऱ्या देवाचा, दगड होता. शेवंतीने त्याच्यासमोर हुर्राकाचा ग्लास ठेवला, विडी पेटवून बाजूला लावली, पदर खोचला आणि आवाज चढवून गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या व्हाळाच्या, ह्या सड्याच्या धन्या!"

"होय म्हाराजा," संजना म्हणाली.

"हो कृष्णनाथ मीटरवालो सांगता, माका फकत पक्ष्याचो फोटो होयो. खरां आसात तर तेका फोटो दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"आणि जर काय तो प्लॉटवाल्यांचो मनीस आसलो, माझ्या जमनीचो, माझ्या भट्टीचो फोटो काडून खंय देतलो आसलो, तर तेच्या त्या काचेक जल्माची बुरशी धरूं दी, म्हाराजा!"

संजनाने पदराने तोंड दाबलं. शेवंती वळली.

"म्हण रे."

कृष्णनाथने लेन्स छातीशी धरली. "होय म्हाराजा."

शनिवारी सकाळी भट्टी थंड होती. शेवंती चुलीच्या दगडावर बसली होती, हातात काड्यापेटी. "आठ म्हणजे आठ," एवढंच बोलली.

कृष्णनाथने कॅमेरा उभा लावला. स्टँड हलू नये म्हणून मधे वाळूची जड पिशवी टांगली. पडदा मोठा करून हाताने कडं फिरवत ढोलीची फट पक्की केली. बोटाचा धक्का नको, म्हणून बटण वायरचं. साडेसात झाले. पावणेआठ झाले. काड्यापेटी खुळखुळली.

मग भात्यासारखा पंखांचा आवाज आला. नर खोडाला चिकटला, मान हलवून त्याने घशातलं फळ चोचीच्या टोकाशी आणलं. फटीतून दुसरी चोच बाहेर आली.

खट्. खट्. खट्.

नर गेला. कृष्णनाथने पडदा पाहिला. चोच, फळ, लिंपलेल्या चिखलातले काजूबोंडाचे धागे, सगळं मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. आणि ढोलीच्या दोन हात खाली सालीत रुतलेली, वायर अडकवायची चिनीमातीची पांढरी चकती, तिच्याभोवती गंजलेल्या वायरीचा वेढा. वाऱ्याने आणलेली वायर!

त्याने झटकन चित्र वर सरकवलं.

"भट्टी आसा?" शेवंती पाठीशी उभी होती.

"नाही."

"सकयल कर बघूया."

"खाली नुसतं खोड आहे, वैनी."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कधीकाळी तो लोकांच्या मीटरकडे बघायचा तसं. "सोमवारी मीय येतलंय. तुझ्यावांगडा," म्हणाली, आणि काडी ओढली.

सोमवारी साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

"गुरुवारी धूर आणि आज हे? नेटवरून घेतलात?"

"मी काढला."

"हल्ली मशीनला सांगितलं की मशीन पक्षी बनवून देतं. हेच झाड कशावरून?"

उत्तर कृष्णनाथच्या अंगठ्याखाली होतं. फोटोची खालची कड त्याने दाबून धरली होती. अंगठा उचलला की झाड सिद्ध. पण अंगठा उचलला की शेवंतीला वाटणार, वीस वर्षं हा ह्याचसाठी टपून होता. अंगठा तिथेच राहिला.

"सांगा ना," साहेब म्हणाले.

"आंगठो काड," शेवंती म्हणाली.

"वैनी..."

"काड!"

त्याने काढला. शेवंतीने वाकून चकतीवर बोट ठेवलं.

"ही वायर माझी," ती साहेबांना म्हणाली.

"कसली वायर?"

"पंपाची. चोरयेची. खांबार ती हेणी धरली आणि मी न्हय म्हटलंय. खांबार आसलेली काडून व्हेली, झाडार आसलेली रवली. घोवान माझ्या शिडी लावन ठोकलेली ती चकती. आता तो ना. तसली चकती असलेलो बेहडो अख्ख्या कोरगावात एकूच. मनीस धाडा आणि बघा. लांबसून बघूक सांगा!"

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे आणि कागद ओढला. पिल्लं उडून जाईपर्यंत तोड थांबवावी, असं लिहिलं. दुपारी माणूस जाऊन चकती बघून आला. संध्याकाळपर्यंत कागदावर शिक्का बसला होता.

कचेरीबाहेर दोघं बसची वाट बघत उभी राहिली.

"तुवें शनवारीच बघितलेलंस," शेवंती म्हणाली. "कित्याक सांगूक नाय?"

"तुम्हाला वाटलं असतं, सगळा खटाटोप त्या वायरीसाठीच केला."

"वाटलाच आसता. आताय थोडासा वाटता."

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ती मागे वळली.

"फाल्यां सकाळी पाचांक भट्टी पेटयतलंय हां. परत इचारूक येव नको. आणि तो फोटो एक माकाय दी. चकतीसयत." तिने बोट रोखलं. "कापलंस तर माका कळतला."