आडवी फांदी

हे आजवर कुणाच्याही कानावर गेलेलं नाही. बायकोलाही मी सांगितलं नव्हतं, आणि आता ती नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि परवा मला हेच चारचौघांसमोर बोलायचं आहे, त्याआधी एकदा तोंडातून निघायला हवं.

आमच्या जव्हार संस्थानात कुणी बडा पाहुणा आला आणि त्याला रान बघायची हौस असली, की हुकूम ठरलेला — जंगल खात्यातल्या त्या कारकुनाला बरोबर द्या, त्याला रानाची नस न् नस ठाऊक आहे. तो कारकून म्हणजे मी. सूर्यमाळच्या उतारावर, खोडाळ्याच्या खालच्या दऱ्यांत संस्थानचं राखीव रान होतं. तिथे मी छडी रोखायची आणि पाहुण्यांनी दुर्बीण लावायची. भेकर पाणी प्यायला कुठे उतरतं, रानकोंबडा कुठे आरवतो, धनेशाची जोडी कुठल्या बेहड्यावर बसते, सगळं मी दाखवत असे. पाहुणे थक्क होत. मीही थोडा होत असे, कारण मलाही ते तेव्हाच कळत असे!

खरं सांगू? मला रानाची भीती वाटायची. मी कल्याणचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पायावरून घोरपड गेली तर मी असा ओरडलो, की मोजणीचे लोक काम टाकून धावत आले. त्यानंतर मी एकटा कधी रानात शिरलो नाही. म्हणजे एकदाच शिरलो — तेच सांगायचं आहे, पण थांबा. मला सरळ सांगता येत नाही.

आधी काशाबद्दल सांगतो. खोडाळ्याच्या खालच्या एका पाड्यावर त्याचं घर, थोडा भात, थोडी नागली, उन्हाळ्यात कड्यावरचा मध, आणि आमच्या खात्याची रानातली मजुरी. तो मला दादा म्हणे आणि अरे-तुरे करी. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. माझी भीती त्याने पहिल्याच फेरीत ओळखली. हसला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं, एवढा मी हलका होतो. पण तो हसला नाही. त्याने माझी अब्रू झाकायची युक्ती काढली. पहाटे तो पुढे जाई आणि आमच्या वाटेवर खुणा ठेवी.

"गवताला गाठ दिसली का थांब," त्याने मला शिकवलं होतं. "करवीची काडी दिसली का तिकडं बघ. आन् फांदी आडवी दिसली का मागं फिर. का म्हनून इचारू नको."

गाठ आणि काडी आमच्या दोघांतली. आडवी फांदी मात्र सगळ्या पाड्याची. पुढे धोका असला की पाल्यासकट फांदी वाटेवर आडवी टाकायची, आणि दिसली की माणसाने परत फिरायचं. लहान पोरगंसुद्धा ती ओलांडत नाही.

तर माझी सगळी विद्या ही अशी. काशा पाहायचा, मी दाखवायचो, आणि शाबासकी मी घ्यायचो. पण माझा गुन्हा हा आहे का? नाही. एवढंच असतं तर हसून सांगितलं असतं.

एका चैत्रात मुंबईचे एक प्रोफेसर आले. पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होते. वयस्कर, पांढरी टोपी, बोलायला मिठ्ठास पण जीभ तिखट. दोन दिवस हिंडलो आणि रानाने काही म्हणता काही दाखवलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी बंगल्यावर चहा घेताना ते म्हणाले, "तुमच्या रानातले प्राणी बहुधा रजेवर गेलेत." सगळे हसले. मला ते लागलं. मी म्हणालो, उद्या न्याहारीच्या आत धनेश दाखवतो, नाही दाखवला तर नाव बदलीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिंडीच्या वाटेने निघालो. मी नेहमीसारखा वीसेक पावलं पुढे. धनेशाचा बेहडा खिंडीपलीकडे, हे काशाने आधी सांगून ठेवलं होतं. वळण घेतलं आणि वाटेवर फांदी आडवी. ऐनाची. ताजी, कोयत्याने एका घावात तोडलेली, पाला अजून हिरवागार.

तिचा अर्थ मला ठाऊक होता. चुकून ओलांडली असं म्हणायची सोय नाही. मी तिथे उभा राहिलो — किती वेळ? पाच श्वास. मागून प्रोफेसरांची काठी दगडावर वाजत होती. परत फिरायचं तर काय सांगायचं? ही कुणाची खूण, ती मला कशी वाचता येते, आणि मग बाकीचं सगळं कुणी वाचून दाखवलं? मी वाकलो, फांदी उचलली आणि बाजूच्या करवीच्या झुडपांत भिरकावली. प्रोफेसर वळणावर आले तेव्हा वाट मोकळी होती.

खिंडीवरच्या कड्याला आग्या मोहळं होती. पाड्याच्या लोकांनी त्याच सकाळी धूर करून त्यातला मध काढला होता, आणि माश्या पिसाळलेल्या होत्या. आम्ही नेमके खाली पोहोचलो. आधी एक आली, मग आभाळच खाली आलं.

काशा वरून उतरत होता. त्याला पांढरी टोपी दिसली असणार. तो पळाला — आमच्याकडे. प्रोफेसरांना खाली पाडून त्याने आपली घोंगडी त्यांच्यावर टाकली आणि तिच्या कडा दाबून धरायला स्वतः वर पालथा पडला. घोंगडी एकाच माणसापुरती होती. आणि मी? मी ओहोळाच्या डबक्यात होतो, नाकापर्यंत. तिथून मला सगळं दिसत होतं.

प्रोफेसर वाचले. काशाही वाचला, पण डावा डोळा गेला आणि एक कान कायमचा बधिर झाला.

चार दिवसांनी कचेरीत चौकशी झाली. पाड्याचे म्हातारेही बोलावले होते. काशा तोंड सुजलेलं घेऊन उभा होता. तो म्हणाला, फांदी टाकली होती. अंमलदारांनी माझ्याकडे पाहिलं. पुढे मीच चालत होतो ना? पाहणारा मी एकटाच.

मी म्हणालो, "वाटेवर फांदी नव्हती."

एवढंच. चार शब्दसुद्धा नाहीत. आणि हे भीतीच्या भरात तोंडून निसटलं असंही समजू नका. चौकशीच्या आदल्या दिवशी मी खिंडीत गेलो होतो — एकटा. उभ्या आयुष्यात रानात एकटा गेलो तो त्याच दिवशी. करवीतून ती फांदी शोधून काढली आणि दरीत फेकली. आश्चर्य सांगू? त्या दिवशी मला रानाची जरासुद्धा भीती वाटली नाही.

कचेरीने काशाचं रानातलं काम बंद केलं. त्याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. पण मध काढणाऱ्यांत एक रीत आहे: ज्याच्यावर वाट बंद करायचं काम, तोच कड्यावर दोर धरतो, कारण त्याच्यावर सगळ्यांचा जीव सोपवलेला. फांदी टाकायला विसरणाऱ्याच्या हाती कोण दोर देईल? पुन्हा कुणी दिला नाही. चैत्रात सगळा पाडा कड्यावर जाई आणि काशा ओट्यावर बसून राही. मला दसऱ्याला दरबारात शेला मिळाला, पाहुण्यांची काळजी घेतल्याबद्दल.

पुढे पाच-सहा वर्षांनी खोडाळ्याच्या बाजारात तो भेटला. मी वाट बदलणार होतो, पण त्यानेच हाक मारली. माझा राग करील, चार लोकांत वाभाडे काढील, असं वाटलं. काढले असते तर बरं झालं असतं! तो जवळ आला, उजव्या डोळ्याने माझं तोंड नीट पाहिलं आणि हळूच म्हणाला, "दादा, मीच इसारलो असंन. टाकली असा वाटं मना. पन तू तं खोटा नाय बोलनार."

इतकी वर्षं तो एकटाच खरं धरून बसला होता. माझ्या शब्दावर त्याने तेही सोडून दिलं. आणि मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नकोस. क्षमा केल्यासारखा चेहरा करून मी घरी आलो. फांदी फेकली त्यापेक्षा, कचेरीत खोटं बोललो त्यापेक्षा, माझं काळं काम हे आहे.

आता मी पेन्शनीत आहे. काल कचेरीत लेखी जबाब दिला, शेला त्याबरोबर ठेवला. नवे अंमलदार तरुण आहेत; म्हणाले, काका, आता या वयात हे कशाला उकरता? मी पोच मागितली आणि घेतली.

परवा पाड्याचे लोक मधासाठी कड्यावर निघतील. निघण्यापूर्वी सगळे एका जागी जमतात, म्हातारे, बायका, पोरं, सगळी. काशाही ओट्यावर असेल. मी तिथे जाणार आहे. चालवत नाही, तरी जाणार आहे, आणि रानातल्या वाटेनेच. तो मारील, थुंकेल, की नुसता बसून राहील, ते त्याचं तो बघेल. मला त्याच्याकडून काही नको, तुमच्याकडूनही नको.

बोलायचं ते पाठ करून ठेवलं आहे, म्हणजे ऐन वेळी शब्द फिरायला नकोत. काशा, फांदी होती. तू टाकली होतीस. ऐनाची होती, एका घावात तोडलेली. मी ती उचलून फेकली.