प्रभाताईंसाठी बंद केलेली डिरेक्टरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर होतो. घरातला पहिला पदवीधर, टिटवाळ्याहून यायचो. सगळ्यांचा कोड एकाच मशीनवर असायचा, आणि कुठली ओळ कोणी बदलली ते नावासकट दिसायचं. मशीनवरच्या कुठल्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, कोणी लिहायचं, कोणी नुसतं वाचायचं — ते ठरवायचं काम कंपनी चालवणाऱ्या सरांनी माझ्याकडे दिलेलं. केवढा विश्वास!

कोपरीच्या प्रभाताई मला सीनियर. काम त्यांनीच शिकवलं, डब्यातली सुकट त्यांनीच खायला लावली. "अरे, एवढा काय घाबरतोस? मशीन चावत नाही." माझ्याशी असं बोलणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

पगाराचा प्रोग्राम माझा होता. त्यातल्या माझ्या चुका ताई न बोलता दुरुस्त करायच्या, शाबासकी मला मिळायची. पण प्रत्येक दुरुस्तीपुढे त्यांचं नाव — कोणी पाहिलं तर? याला काही येत नाही, हे कळलं तर? उपकार असे टोचतात का हो? मला टोचले.

एका दुपारी मी पगाराची डिरेक्टरी त्यांच्यासाठी बंद केली. वाचता येईल, लिहिता येणार नाही.

ताई माझ्याच टेबलाशी आल्या. "अरे, मला आत लिहू देत नाहीये. बघ ना जरा."

चुकून झालं, असं म्हणता आलं असतं. लगेच उघडूनही देता आलं असतं. मी म्हणालो, "सरांनी सांगितलंय."

"माझं नाव घेऊन?"

"हो."

त्या आपल्या जागेवर परत गेल्या. सरांना विचारायला गेल्या नाहीत — विश्वासच नाही म्हटल्यावर विचारायचं काय, असा त्यांचा स्वभाव. आणि तो मला माहीत होता. माहीत होता म्हणूनच तर बोललो ना मी?

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. दुसरी नोकरी हातात नव्हती. जाताना म्हणाल्या, "निदान तू तरी तोंडावर खरं सांगितलंस रे."

मी मान हलवली.

सर हळहळले. "एवढी चांगली बाई, का गेली रे?"

"काही बोलल्या नाहीत," मी म्हणालो. त्यानंतर दुपारी एकटाच जेवायचो.

मग सरांनी त्यांचं नाव सगळ्याच डिरेक्टऱ्यांवरून काढायला सांगितलं. मी जागेवर जाऊन बसलो, आणि काढलं.